दोन्ही नाय मावत

महिला दिनाच्या बॅनरसाठी हितेश मिठागरावर राबणाऱ्या माझ्या आईचा फोटो काढायला आला. भर दुपार, मागं मिठाची रास. पहिल्या फोटोत आई काळी ठिक्कर. "थांबा काकू, उजेड वाढवतो," म्हणत त्यानं डिजिटल कॅमेऱ्यात कायतरी फिरवलं. मग आईचे नाकडोळे दिसले, पण मागं नुसता कोरा कागद. आईनं स्क्रीन बघितली, पदर ओढला. "नको मला फोटो," म्हणाली आणि निघालीच.

माझं डोकं सटकलं. "माझ्या आईला काळी म्हणतोस?"

"मी कुठं म्हणलो? एक तर मीठ दिसेल, नायतर काकू. दोन्ही नाय मावत."

"माझ्या डोळ्यात मावतंय ना! मग?"

मी हिरामण मामाला त्याच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यासकट ओढत आणलं. आईला जबरदस्तीनं उभं केलं. मामानं तिच्या गालाजवळ मीटर धरून उजेड मोजला आणि म्हणाला, "चेहरा मी बघतो, मिठाला रोल सांभाळून घेईल."

रोल धुऊन आला. आई होती तशी काळी, आणि मागं मिठाचा खडा न् खडा.

"झकास!" हितेश म्हणाला. "फक्त काकूंना जरा गोरं करतो."

"हात लावून बघ!" मी अंगावर गेले.

"तू गप गं," आई म्हणाली. "मी काळी हाय ते मला ठावं हाय, त्याची कसली लाज? त्या दिवशी यानं माझं मीठ पुसलं, म्हणून मी निघाले."