ओसरीवरचा पाहुणा

ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला पाहून हौसाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "कुणाकडं आलाय?"

"तुमच्याकडंच," ज्योतिराम म्हणाला. बायकोच्या या प्रश्नाची त्याला आता सवय झाली होती.

आजारपणानंतर हौसाबाईच्या आठवणी कानामागच्या यंत्रात ठेवल्या होत्या. तिनं ज्याचं नाव घ्यावं, त्याच्या आठवणी डोक्यात येत. बराच वेळ ते नाव निघालं नाही, की आपोआप माघारी जात. सुनेला ती दिवसभर नावानं हाका मारी, चंद्री शेळीला नाव घेऊन शिव्या घाली. त्या दोघींचा तिला कधी विसर पडला नाही. नवऱ्याला मात्र तिनं जन्मभर नुसतं 'अवं' म्हटलं होतं. अधूनमधून त्याचं नाव घेत जा, असं डॉक्टरनं बजावलं तेव्हा ती म्हणाली होती, "नाव घिऊन ह्यांचं आयुष्य कमी करू व्हय?"

आता तिनं विचारलं, "नाव काय तुमचं?"

"ज्योतिराम."

"बसा, ज्योतिरामभाऊ. च्या टाकते."

चुलीकडं वळता वळता ती थांबली. त्याच्याकडं पाहून तिनं जीभ चावली.

"अवं, भाऊ म्हनले की वं मी तुमास्नी."

चहा पिताना तिनं त्याला औषधं चुकवल्याबद्दल झापलं आणि वर शपथ घेतली, की हे नाव आता परत तोंडी यायचं नाही.

दुपार कलली तशी तिची नजर परकी झाली. ज्योतिराम उठून बाहेर गेला, टोपी सारखी केली आणि दाराची कडी वाजवली.