दादांच्या वाटची माती

रामेश्वर गाडीतून उतरला आणि थेट बांधावरून चालू लागला. चकचकीत बुटांना काळी माती चिकटत होती. दोन विमानं बदलून, रात्रंदिवस बसून आला होता, तरी व्हायचा तो उशीर झालाच होता.

शेताच्या कोपऱ्यात, वडिलांच्या समाधीशेजारी, ताजा ढिगारा होता. वर बेलाची पानं, उन्हाने आक्रसलेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे आईला बसवून माती दिली होती. म्हणजे आई, विमलबाई, आत बसलेली होती. हे मनात आलं आणि त्याचे पाय जागीच थांबले.

लिंबाखाली बसलेला धाकटा भाऊ, त्रिंबक, उठून उभा राहिला. मिठी वगैरे मारायची या घरात कधी पद्धत नव्हती.

"लई वाट पाहिली, दादा. मंग गाव म्हनलं, आता ठिवता येत न्हाई."

"बरोबर आहे," रामेश्वर म्हणाला.

राजदूत म्हणून त्याने परमुलखात किती बड्या माणसांना शेवटचा निरोप दिला होता. काळा कोट कुठला घालायचा, पुष्पचक्र कसं ठेवायचं, कुणापुढे किती झुकायचं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. देशाच्या वतीने उभं राहण्यात हयात गेली. इथे कुणाच्याच वतीने उभं राहायचं नव्हतं, तर बापड्याला हातांचं काय करावं ते सुचेना.

त्रिंबक झाडामागून एक घमेलं घेऊन आला. वरचं ओलं पोतं त्याने बाजूला केलं. आत माती होती.

"खड्ड्यातलीच हाय. समद्यांनी दिली तवा तुमच्या वाटची काढून ठिवली. वाळू नये म्हून पोतं भिजवीत होतो. लोक म्हनले, दादाच्या नावानं तूच टाक. म्या न्हाई टाकली."

रामेश्वरने ओंजळ भरली. माती गार होती. ती ढिगाऱ्यावर सोडताना त्याला रडू फुटलं, आणि त्याने ते आवरलं नाही. साहेब म्हणणारे देशोदेशी होते. रामा म्हणणारं आता कुठेच कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले.

"शेवटी काही म्हणाली का रे?"

त्रिंबक घमेल्याचा काठ चाचपत राहिला. "इचारत होती, रामा कोन्या मुलखात हाय. मला ऐन टायमाला नाव आठवंना, दादा. दर खेपंला तुमचा नवाच देश."

"मग?"

"मंग म्हनलं, आलेत. दारात जोडे काढायलेत." त्रिंबकने उरलेली माती झटकली. "तशी गप झाली माय. दाराकडं बघत बसली."

रामेश्वरने आपल्या पायांकडे पाहिलं. मग तो ढिगाऱ्यासमोर खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.