फकिराकाकांचं नाक

"ताई, झाकण तुम्ही उघडा. मी हितं समोर उभा राहतो," फकिराकाका म्हणाले.

सायलीने झाकण उचललं. शहरातल्या मंगल कार्यालयांतलं उरलेलं अन्न आठवडाभर टाकीत आंबत होतं. नासक्या तुपासारखा भपका आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकांनी डोळे बारीक केले, क्षणभर थांबले. "झालं. काढा."

चितेगावच्या त्या कारखान्यात आंबलेल्या कचऱ्यातून आम्ल वेगळं काढत. पुढे त्याचं विमानाचं इंधन व्हायचं. घाई केली तर आम्ल कमी, उशीर झाला तर नुसता गॅस. नेमकी वेळ काका सांगत. आता ते सांगणारं मशीन आलं होतं. मॅनेजर राजेंद्रसाहेबांनी सायलीला बजावलं, महिनाभर दोन्ही ताडून बघा. नाक एकदा जरी चुकलं तर काका घरी.

"घरी काय करू?" काका म्हणाले. "साळूबाई गेली तवापासून घर खायला उठतंय."

मशीनला दोन तास लागत, काकांना दोन मिनिटं. घाणीचं त्यांना काहीच नव्हतं. टाकीला टेकून भाकरी खात. नोकरीत खाडा एकच, कोरोनातला. इकडे सायलीच्या शेजारी मात्र पैठणच्या एसटीत कुणी बसेना.

एकदाच अडलं. वासाला कंटाळून ती मास्क लावून आली.

"आज कळंना," काका म्हणाले. "मास्क काढा बरं."

"नाक तुमचं अडलंय, अन् मास्क मी काढू?"

"काढा तर खरं."

तिने काढला. नाक जरासं मुरडलं.

"उद्या," काका म्हणाले.

दोन तासांनी मशीननेही तेच सांगितलं.

तीस दिवसांत चूक एकही नाही. साहेबांनी काकांना कामावर ठेवण्याच्या पत्रावर सही केली. काकांची त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून सायली स्वतःच पत्र घेऊन त्यांच्या घरी गेली.

काका अंगणात स्वयंपाकघराकडे पाठ करून निवांत पेपर वाचत बसले होते. फाटकातच करपल्या दुधाचा वास आला आणि सायलीचं तोंड वाकडं झालं.

काकांनी मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे बारीक केले, क्षणभर थांबले.

"दूध करपलं व्हय?" ते उठत म्हणाले. "साळूबाई होती तवर घरातलंबी लगेच कळायचं मला."