शेजारच्या पेशी

सकाळचं ऊन प्रयोगशाळेच्या खिडकीतून ओघळत, काचपट्ट्यांच्या रांगेवरून संथपणे सरकत, अखेर तरुण संशोधकाच्या सूक्ष्मदर्शकापाशी येऊन थबकलं.

"सर, एवढीशी गाठ अंगभर पसरते कशी?" विद्यार्थिनीने विचारलं.

"कर्करोगाची पेशी शेजारच्या निरोगी पेशींना निरोप धाडते. मग त्याच तिला वाट करून देतात."

"म्हणजे त्या घरभेदीच की!" ती हसली.

तेवढ्यात त्याला आईचा फोन आला. "दादाने वहिनीचं डोकं भिंतीवर आपटून आपटून फोडलं रे... गेली बिचारी. पोलीस विचारतील. आपल्याला काहीच ठाऊक नाही म्हण, बाळा."

"खरंच ठाऊक नाही," तो म्हणाला.



तो घरातून निघाला तेव्हा वहिनी किंचाळत होती, आणि "कडी घाल रे" अशी दादाची हाक येताच खोलीची बाहेरची कडी त्यानेच घातली होती.