विजयमालाबाईंचा सत्कार

सत्कार विजयमालाबाईंचा होता आणि फेटा मोहनरावांना बांधत होते. केजच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा पुढारी असला की बायकोच्या कौतुकालाही गर्दी आपोआप जमते.

पंचावन्नाव्या वर्षी ही बाई धरणाच्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवायला शिकली आणि परवा कोकणात जाऊन समुद्रातली शर्यत पुरी करून आली. होडी दोघींची. पुढं विजयमालाबाई, मागं सलिमा, बांगडीवाल्या दिलावरची बायको. पण व्यासपीठावरच्या खुर्च्या साहेबांच्या माणसांनी कधीच अडवल्या होत्या, त्यामुळं सलिमा खाली बायकांत बसली होती. दिलावर दाराशी उभा होता. मोहनरावांच्या घरची बाई जाते म्हणून तूही जा, एवढ्या एका बोलीवर त्यानं बायकोला सोडलं होतं.

जानेवारीत दोघींना पुन्हा जायचं होतं. या खेपेला किनारा सोडून पार बेटापर्यंत. लेकीच्या लग्नाची वाट बघावी तशा दोघी त्या जानेवारीची वाट बघत होत्या.

शाल मोहनरावांना. हार मोहनरावांना. सूत्रसंचालक तर असा पाघळला, की समुद्र साहेबांनीच पोहून पार केला असं वाटावं.

"वैनी, आता ताट घ्या. साहेबांना ओवाळा."

विजयमालाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भरल्या सभेत करता काय? उठल्या, कुंकू लावलं, ओवाळायला लागल्या. तेवढ्यात मोहनरावांनी माईक ओढून घेतला.

"लोक मला म्हणले, या वयात बायकोला काहून पाण्यात सोडता? मी म्हणलं, लई हौस हाय तिला, फिटू द्या. आता फिटली! आता घरी बसून नातवंडं सांभाळायची. समुद्र-बिमुद्र काई न्हाई!"

सगळं कार्यालय हसलं. टाळ्यांवर टाळ्या पडल्या.

"अहो, जानेवारीत जायचंय ना आमाला," विजयमालाबाई कशाबशा बोलल्या.

"ओवाळ गुमान. लोक बघायलेत," हसरं तोंड तसंच ठेवून मोहनराव पुटपुटले.

विजयमालाबाईंनी खाली बघितलं. दिलावर बायकांच्या रांगेपर्यंत आला होता. तो ओरडला नाही, चिडलाही नाही. सलिमाला काहीतरी दोन शब्द बोलला. त्या गलक्यात वर काहीच ऐकू आलं नाही, आणि ऐकायची गरजही नव्हती. सलिमा उठली, ओढणी सारखी केली आणि त्याच्या मागं चालू लागली. दाराशी पोचल्यावर तिनं एकदाच वळून वर बघितलं. विजयमालाबाईंना तिला हाक मारायची होती. दोन्ही हातांत ताट होतं.

"वैनी, फोटो हलला," फोटोवाला म्हणाला. "पुन्हा एकदा ओवाळा. आन जरा हसा की."

विजयमालाबाईंनी पुन्हा ओवाळलं.