रोजचे दोन तास

अकरा वाजता घरी आलेल्या नर्सने दोघांच्या मनगटांवर पट्ट्या बांधल्या आणि शैलजाच्या मणक्यातलं दुखणं रघुवीरच्या मणक्यात आलं. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलेल्या बायकांच्या नवऱ्यांना आता रोज दोन तास त्यांचं दुखणं स्वतःवर घ्यायची परवानगी मिळत होती.

शैलजा विनासायास उठली आणि साडी नेसली. “शाळेत जाऊन येते. मुलींचं गाणं बसवायचं राहिलंय.”

“जा की,” रघुवीर दात आवळून म्हणाला.

पण अर्ध्या तासातच ती परतली आणि तिने त्याच्या हातावरची पट्टी ओढून काढली. घेणाऱ्याची पट्टी निघाली तरच दुखणं परत जायचं; ते पुन्हा तिच्याकडे गेलं.

“तुमचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना हो,” ती कण्हत म्हणाली.

रघुवीर तिच्यावर चांगलाच चिडला. दुसऱ्या दिवशी त्याने आपली पट्टी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन बांधून घेतली, म्हणजे ती काढायला शैलजा एवढ्या लांब येऊ शकणार नव्हती. तिथे आणखी चार नवरे खाटांवर कुशीला वळून कण्हत होते.

पाऊण वाजता तिचा फोन आला. “अहो, गाणं बसलं! ऐकता?”

मुली गाऊ लागल्या. रघुवीरने फोनचा आवाज वाढवला, तसे शेजारच्या खाटांवरचे नवरेही एकेक करून गप्प झाले आणि ऐकू लागले.