भाऊंच्या साइटवर

शर्वरीचा उजवा हात टेबलाच्या खणात कोंबून गुंडाने खण धाडकन बंद केला. बोटं मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला.

“भाऊंनी नर्सला लाथा घातल्याचा व्हिडिओ काढ त्या बातमीच्या साइटवरनं!”

तालुक्यातल्या बऱ्याच वेबसाइट शर्वरी एकाच सर्व्हरवर सांभाळायची. प्रत्येकीचा फोल्डर वेगळा, पासवर्ड वेगळा. भाऊंच्या प्रचाराची साइटही त्यातलीच.

“काढते,” ती कण्हली. डाव्या हाताने तिने व्हिडिओ उचलला आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला. गुंडाने मोबाइलवर बातमीची साइट तपासली. व्हिडिओ गायब होता. जाता जाता त्याने कीबोर्ड तिच्या तोंडावर हाणला.

ओठावरचं रक्त पुसत शर्वरीने भाऊंची साइट उघडली. पहिल्याच पानावर, त्यांच्या हात जोडलेल्या फोटोखाली, ती नर्स किंचाळत होती.